उतरते छप्पर व भिंती : संगणकीय प्रतिमान

उतरते छप्पर आणि त्याला भिडणाऱ्या भिंती यांची मापे, उतार व सांधे संगणकावर त्रिमितीत मांडण्याची पद्धत. रेव्हिट, आर्किकॅड व स्केचअप ही यासाठी प्रचलित सॉफ्टवेअर आहेत.

उदाहरणार्थ, दादरा व नगर हवेली हा मुसळधार मोसमी पावसाचा प्रदेश असल्याने उतरते छप्पर ही येथील गरजच आहे. कारवी किंवा बांबूच्या कुडाला माती-शेणाने लिंपून केलेल्या भिंती, लाकडी आढे, वासे व वर कौले किंवा गवत, अशी येथील वारली आदिवासींच्या घराची पारंपरिक बांधणी असते.

अशा घराचे प्रतिमान करताना रेव्हिटमध्ये प्रथम छपराची बाह्यरेषा आखून उतरत्या कडांना उतार व भिंतीबाहेर येणारी वळचण देतात. दोन्ही पाख्यांचा उतार ३० अंश आणि घराची रुंदी ६ मीटर असेल, तर आढे भिंतमाथ्यापासून सुमारे १.७३ मीटर उंच येते. वाशाची लांबी, वळचण सोडून, ३.४६ मीटर भरते. कौलांचा हिशोब या तिरप्या लांबीवरून करावा. जमिनीवरील क्षेत्रफळ धरल्यास कौले सुमारे १३ टक्के कमी पडतात.

भिंतीचा माथा छपराला जोडण्याची आज्ञा दिली, की बाजूची त्रिकोणी भिंत उताराबरहुकूम कापली जाते. पुढे उतार बदलल्यास तीही बदलते. कलत्या भिंतीसाठी थेट कोन देण्याची सोय रेव्हिटच्या २०२१ च्या आवृत्तीत आली. हाताने लिंपलेल्या कुडाची असमान जाडी मात्र प्रत्यक्ष मोजूनच प्रतिमानात भरावी लागते.