न सांगितलेली मजुरी

माझा आजा महारकी करीत असे. सांगावा पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे. कामाला अंत नव्हता. मोबदला किती, हे मात्र कुणी बोलत नसे. खळ्यावर जे बलुते पदरात पडेल ते घ्यायचे. दरच ठरलेला नाही, तर कमी दिले अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

ही मोघम गुलामगिरी १८७४ च्या वतन कायद्याच्या छत्राखाली चालली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले : बलुत्याऐवजी रोख रक्कम द्या, कामे कोणती ते ठरवा. ते शेवटी मागे घ्यावे लागले. पुढे मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनीच किमान वेतनाचे विधेयक आणले. १९४८ च्या कायद्याने मालकाला मजुरीची नोंदवही ठेवायला लावले, आणि कमी मिळाल्यास मजुराला दाव्याची वाट दिली. २०१९ च्या वेतन संहितेने तर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावरच टाकला.

आणि मी? तासिका तत्त्वावरच्या पहिल्या नोकरीत एका संस्थेने पुढे केलेल्या कागदावर मानधनाची जागा कोरी होती. मी सही केली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने! त्या रात्रीपासून वहीत लिहू लागलो : तारीख, वर्ग, तास.