८० हजार की ७३ हजार बीटीयू? महागडा गॅस ग्रिल घेताना हा आकडा का फसवतो

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि तिथून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत घरामागच्या अंगणात ग्रिल पेटलेले असतात. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही हेच चित्र दिसतं. फक्त जाळीवर बर्गरच्या शेजारी पनीर टिक्का, मक्याची कणसं आणि भरितासाठीचं वांगंही असतं. पाहुणे वाढले की साध्या ग्रिलवर भागत नाही आणि मग दीड हजार डॉलरच्या वरच्या ग्रिलची चर्चा सुरू होते. या किमतीत दोन नावं हमखास समोर येतात: वेबर जेनेसिस आणि नेपोलियन प्रेस्टीज.

वेबर अमेरिकन. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये धातूचा बोया मधोमध कापून झाकणाचा गोल कोळसा ग्रिल बनवला, तिथून ही कंपनी घडली. जेनेसिस हा त्यांचा गॅस ग्रिल १९८५ पासूनचा. नेपोलियन कॅनडातली. ओंटारियोतल्या बॅरी शहरात १९७६ मध्ये स्टीलचे कठडे बनवण्यापासून तिची सुरुवात झाली.

आपण तुलनेसाठी दोन मॉडेल घेऊ: जेनेसिस एस-४३५ आणि मागचा-बाजूचा इन्फ्रारेड बर्नर असलेला प्रेस्टीज ५००. दोन्हींत चार मुख्य बर्नर आहेत.

बीटीयू म्हणजे नेमकं काय?

एक पौंड पाण्याचं तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. ग्रिलच्या जाहिरातीत दिलेला आकडा हा ताशी असतो, म्हणजे सगळे बर्नर पूर्ण उघडले तर एका तासात किती गॅस जळेल याचा तो हिशेब. खरं तर ही ग्रिलची भूक आहे. जेवण किती चांगलं शिजेल हे त्यावरून कळत नाही.

प्रेस्टीज ५०० ची बेरीज ८० हजार बीटीयू होते, जेनेसिस एस-४३५ ची ७३ हजार. पहिला ग्रिल जास्त ताकदवान वाटतो ना? आता बेरीज सोडवून बघा. दोन्हींच्या चार मुख्य बर्नरची क्षमता सारखीच आहे, ४८ हजार. फरक पडतो तो बाकीच्या बर्नरमुळे. नेपोलियनच्या मागच्या भिंतीवरचा इन्फ्रारेड बर्नर १८ हजारांचा आहे आणि तो फक्त फिरत्या सळईवर अख्खी कोंबडी भाजताना लागतो. बाजूचा इन्फ्रारेड बर्नर १४ हजारांचा. वेबरमध्ये १३ हजारांचा जादा बर्नर मुख्य जाळीखालीच बसवलाय, पटकन खरपूस रंग आणण्यासाठी, आणि बाजूला १२ हजारांची साधी शेगडी आहे. वर्षातून दोनदाच अख्खी कोंबडी भाजणार असाल, तर नेपोलियनचे ते १८ हजार बीटीयू एरवी कागदावरच राहतात.

मग बघायचं काय? मुख्य जाळीचं क्षेत्रफळ. जेनेसिसची मुख्य जाळी ६४६ चौरस इंच आहे, प्रेस्टीजची ५००. इथे एक सावधगिरी: दुकानात लिहिलेल्या ‘एकूण’ क्षेत्रफळात वरची ऊब ठेवायची छोटी फळीही धरलेली असते. तिच्यावर पाव गरम होतील, टिक्का होणार नाही. चार इंची पॅटी धरा आणि मध्ये उलटायला जागा सोडा, तर जेनेसिसवर एका वेळी साधारण ३० बसतात, प्रेस्टीजवर २३ च्या आसपास. पंधरा-वीस पाहुणे एकदम जेवायला बसवायचे असतील तर हा फरक जाणवतो. सहा जणांच्या जेवणात अजिबात जाणवत नाही.

उलट बाजूही आहे. तेवढेच ४८ हजार बीटीयू छोट्या जाळीखाली असतील तर आच दाट होते. प्रेस्टीजमध्ये दर चौरस इंचाला सुमारे ९६ बीटीयू येतात, जेनेसिसमध्ये सुमारे ७४. मात्र वेबरचा जादा बर्नर पेटवला की हा आकडा ९४ पर्यंत जातो. थोडक्यात, या बाबतीत दोघांत फारसं अंतर उरत नाही.

बाजूचा बर्नर: आपल्या घरांसाठी खरा फरक इथे

पुष्कळ परीक्षणं स्टेक डोक्यात ठेवून लिहिलेली असतात. नेपोलियनच्या बाजूच्या बर्नरमध्ये सिरॅमिकची तापलेली पाटी असते आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार ती १८०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ९८० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. जाड स्टेकला दोन मिनिटांत कवच आणायला याला तोड नाही. सुरमईचा तुकडा मात्र इथे बघता बघता करपेल.

पण बाहेरच पावभाजी उकळत ठेवायची असेल, फोडणी करायची असेल किंवा पंचवीस कप चहा टाकायचा असेल तर? मग उघड्या ज्योतीची, आच बारीक करता येणारी वेबरची शेगडी कामाची. इन्फ्रारेड पाटीवर मंद आच सांभाळणं अवघड असतं आणि भाजी उतू गेली तर सिरॅमिकची बारीक छिद्रं बुजू शकतात. आपल्याकडे पार्टी म्हणजे जाळीवरचं भाजणं आणि पातेल्यातलं शिजवणं दोन्ही. म्हणून माझ्या मते बहुतेक मराठी घरांना वेबरची मांडणी जास्त सोयीची पडेल. नेपोलियन घ्यावा तो फिरत्या सळईचा शौक खरोखर असणाऱ्यांनी. मागून येणाऱ्या आचेमुळे चरबी थेट ज्योतीवर गळत नाही, भडका उडत नाही आणि कोंबडीची कातडी चारी बाजूंनी एकसारखी कुरकुरीत होते.

शाकाहारी-मांसाहारी एकाच ग्रिलवर?

अनेक घरांत पाहुण्यांच्या यादीवरून हाच प्रश्न सर्वांत नाजूक असतो. चार बर्नरचे दोन भाग पाडता येतात आणि मोठ्या जाळीवर मध्ये मोकळी जागाही राहते. पण झाकण लावलं की आतली हवा आणि धूर एकच असतो, शिंतोडे उडतात, खालचा तुपकट थर गोळा होणारा ट्रेही एकच. त्यामुळे कडक शाकाहारी पाहुणे असतील तर महागडा ग्रिल हे उत्तर नाही. जाळी घासून आधी शाकाहारी सगळं उतरवा, मग चिकन ठेवा. किंवा बाजूच्या शेगडीवर वेगळा तवा ठेवा (वेबर असेल तर). आणि पाहुण्यांना आधीच सांगा, न विचारता गृहीत धरू नका.

चिकन आतून १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे. झाकणावरचा काटा हवेचं तापमान दाखवतो, मांसाचं नाही. ग्रिलवर इतके पैसे घालवताना टोचायचा एक साधा थर्मामीटर जरूर घ्या.

गॅस किती पुरतो?

अमेरिकेतल्या नेहमीच्या २० पौंडी प्रोपेन टाकीत, ती पूर्ण भरलेली असेल तर, साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू उष्णता असते. चारही मुख्य बर्नर पूर्ण आचेवर ठेवले तर ती सुमारे नऊ तास चालते. मात्र दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून अदलाबदलीत मिळणाऱ्या टाक्यांत बऱ्याचदा १५ पौंडच गॅस भरलेला असतो. मोठ्या पार्टीला दुसरी टाकी बाहेर तयार ठेवा.

घरात नैसर्गिक वायूची पाइपलाइन असेल तर त्याच वायूचं मॉडेल सुरुवातीलाच मागा. दोन्ही वायूंचा दाब आणि बर्नरच्या तोंडाची छिद्रं वेगळी असतात, नंतर घरी बदलायचं हे काम नाही.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर मॉडेल बघण्याआधी भाडेकरार आणि स्थानिक अग्निशमन नियम वाचा. तिथल्या आदर्श अग्निसुरक्षा संहितेनुसार बहुमजली इमारतींत बाल्कनीत, छताखाली किंवा इमारतीपासून १० फुटांच्या आत असा ग्रिल पेटवता येत नाही. राज्या-शहरागणिक अंमलबजावणी बदलते. ग्रिलमुळे लागणाऱ्या आगी जुलैमध्ये सर्वाधिक असतात. पेटवताना झाकण उघडंच ठेवा, टाकी जोडल्यावर नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा आणि पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ओढू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो.

आणि भारतात परतताना हा ग्रिल सामानात आणायचा विचार असेल तर: आपल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा व्हॉल्व्ह वेगळा असतो आणि आतला एलपीजी प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतो. अमेरिकी रेग्युलेटर त्याला बसत नाही आणि जुगाड करून बसवणं धोक्याचं आहे.