गावकुस नकाशात शिरतं

मी अणदूरचा. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. शेजारी नळदुर्ग. तिथं बोरी नदी अडवून किल्ल्यात पाणीमहाल बांधला, तो 1613 सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला लोक लांबून येतात. देखणं आहेच. पण पुस्तकात बादशहाचं नाव येतं, दगड वाहणाऱ्याचं येत नाही. ज्याच्या घामानं शोभा उभी राहिली त्याला त्या शोभेपासून किती लांब ठेवलं, हे मोजणं म्हणजे माझ्या लेखी नगररचनेचा इतिहास.

हे माप मी सोलापूरला लावून बघतो. आमच्याकडची पोरं पोटासाठी तिकडंच जातात. मीही गेलो, सूतगिरणीत पाळ्या करतो.

चित्रातलं सोलापूर असं: मधोमध सिद्धेश्वर तळं, तळ्यात देऊळ, काठाला भुईकोट किल्ला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळं उभं केलं, असं परंपरा सांगते. बसवण्णांच्या काळातले हे शरण, कामालाच पूजा मानणारे. तळं राहिलं, पूजा राहिली. कामाचा मान तेवढा कुठं गेला?

1852 ला नगरपालिका आली. 1877 ला गिरणी सुरू झाली, तीच पुढं जुनी मिल. गिरण्या वाढल्या तसे हात कमी पडू लागले. इकडं 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात कैकाडी, टकारी, पारध्यांसाठी सेटलमेंट उभी केली. भोवती तारेचं कुंपण. रोज हजेरी. पासाशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि त्याच माणसांना गिरणीच्या कामाला लावलं.

दोस्तहो, हीसुद्धा नगररचनाच! मनूनं वेशीबाहेर ठेवलं, साहेबानं तारेच्या आत ठेवलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, तार गेली. वस्तीचं नाव मात्र सेटलमेंटच राहिलं. पत्ता सांगितला की समोरचा माणूस जात ओळखतो, मग कुंपणाची गरजच काय?

4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना खडसावलं. आपण खेडं सोडलं ते उगीच नाही. पण आपल्या मागोमाग गावकुसही शहरात आलं, नकाशात शिरून.

2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरवरून नळानं आणलं, तरी वर्षानुवर्षं ते काही दिवसांआडच आलं. ज्याच्या घरी टाकी त्याला झळ कमी. ज्याच्याकडं दोन घागरी, त्याच्या बाईची झोप गेली. तळ्याच्या गावात हे!

उलटं उदाहरणही इथंच आहे. विडी कामगार बाया लाल बावट्याखाली संघटित झाल्या, नरसय्या आडम मास्तरांबरोबर झगडल्या. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 ला दहा हजार घरं उभी राहिली. जानेवारी 2024 ला रे नगरची पंधरा हजार घरं मिळाली. भीक म्हणून नाही, लढून. पण तेही शहराबाहेर. म्हणून घर मागताना काम, एसटी, शाळा, दवाखाना घरासकट मागायचं. नुसत्या भिंती मिळाल्या तर नवा वाडा तयार होतो, एवढंच.

आपल्याला आरक्षण म्हटलं की नोकरी आठवते. विकास आराखड्यातही आरक्षण असतं: शाळेला, बागेला, रस्त्याला राखलेली जमीन. वरच्या आळीत आरक्षण म्हणजे बाग. आपल्या वस्तीवर आरक्षणाचा रंग पडला तर घरावर बुलडोझर. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत असते, सुनावणी असते. पण कचेरीत नकाशा बघायला जातो कोण? बिल्डर जातो. आपण 14 एप्रिलच्या मिरवणुकीत.

मिरवणूक काढाच. पण वस्तीतल्या दोन पोरांनी नकाशा वाचायला शिका. आपली गल्ली त्यात कुठल्या रंगाची आहे ते बघा. पाण्याची लाइन कुठून कुठं जाते, गटार कुणाच्या दारात संपतं, ते लिहून काढा. मुदतीच्या आत हरकत द्या, पोच घ्या. चवदार तळ्यावर आपण ओंजळीनं हक्क सांगितला. आता तोच हक्क नकाशावर सही करून सांगायचा आहे.

जय भीम.