मिलानचा रॅम्प आणि कोल्हापूरची चप्पल लाईन (थ्रेड)

फॅशनच्या दुनियेत 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' या पदाचे मोल किती, हे गुच्चीच्या ताळेबंदात दिसते. २०१४ मध्ये या पेढीची विक्री सुमारे ३.५ अब्ज युरो होती. जानेवारी २०१५ मध्ये अलेसांद्रो मिकेले यांच्या हाती सूत्रे आली आणि २०१९ मध्ये हा आकडा ९.६ अब्जांवर गेला. मिकेले २०२२ मध्ये बाहेर पडले. २०२४ ची विक्री ७.६५ अब्ज. (चीनमधील घटलेली मागणी हेही घसरणीचे एक कारण होते.) तरी बाजाराने हे श्रेय आणि अपश्रेय मुख्यतः एकेका नावावर मांडले.

प्राडामध्ये हे पद एप्रिल २०२० पासून दोघांकडे आहे : मिउच्चा प्राडा आणि बेल्जियमचे राफ सिमन्स. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये त्यांनी पुरुषांसाठीचा नवा संग्रह सादर केला. मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची सपाट चामडी चप्पल होती. ती कोल्हापुरात पाहताक्षणी ओळखली गेली. मिलानमध्ये मात्र कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता.

या चपलेचा 'डायरेक्टर' कोण? बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले जाड चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, दोन्ही बाजूंचे कान, वर वेणी. कमावणारे, कापणारे, शिवणारे हात निरनिराळे. वेणी बहुधा घरातील स्त्रिया घालतात. नमुन्यांची नावे पाहावीत : कापशी, कुरुंदवाडी. ही गावांची नावे आहेत. चर्मकार आणि ढोर समाजांतील ज्या माणसांनी हे आकार पिढ्यान्‌पिढ्या घडवले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव एकाही नमुन्याला नाही.

कायद्यानेही गावच जपले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. मात्र हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. प्राडाने नाव वापरलेच नव्हते! मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते.

जे न्यायालयात साधले नाही ते लोकक्षोभाने साधले. प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. तिचे पथक कोल्हापुरात येऊन गेले. डिसेंबर २०२५ मध्ये करार जाहीर झाला : महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनणार, जगभरातील ४० दुकानांत विकले जाणार, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे जवळपास ८४ हजार रुपये. चप्पल लाईनमध्ये साधा जोड काही शे रुपयांतही मिळतो. मधली तफावत चामड्याची नाही. ती नावाची आहे.

२,००० जोडांनी हा धंदा सावरेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून कच्च्या चामड्याची टंचाई आहे, आणि त्यावर मिलानकडे उपाय नाही. कराराचे खरे मोल त्यातील प्रशिक्षणात असावे : काही कारागिरांना इटलीतील प्राडा अकादमीतही अल्पकाळ शिकता येणार आहे. करारावर सह्या मात्र प्राडाच्या आणि दोन सरकारी महामंडळांच्या : महाराष्ट्राचे संत रोहिदास यांच्या नावाचे, कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे. मानांकनाचे नोंदणीकृत धारक तेच आहेत.