तबकडी फिरते कशी? टर्नटेबलचा थोडा इतिहास आणि आपल्या सोसायटीची पेटी

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "तुमच्या त्या रेकॉर्डवर काहीतरी लिहा, पण फार टेक्निकल नको." शनिवारी संध्याकाळी आमच्या घरातून येणारे सूर बी विंगला आता सवयीचे झाले आहेत. काही जणांनी विचारलंही आहे, की घरात जुन्या रेकॉर्ड्स पडून आहेत, तर प्लेअर कुठला घ्यावा? या प्रश्नाचं उत्तर इतिहासातून गेल्याशिवाय नीट मिळत नाही. शिवाय त्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या सोसायटीच्या हॉलपर्यंत येतो. तो शेवटी सांगतो.

लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणली. तिचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. ऐकायला सोपं वाटतं, पण विजेची साधी मोटर मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्या मारते. तो वेग ३३⅓ वर आणायचा कसा, यातच टर्नटेबलचा सगळा इतिहास आहे.

पहिला मार्ग रबरी चाकाचा. मोटरचा दांडा चाकाला फिरवतो आणि चाक थाळीच्या कडेला घासून तिला फिरवतं. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचं १९५० च्या दशकातलं ३०१ हे मॉडेल याच पद्धतीचं. शौकीन लोक ते आजही जपून वापरतात. पण साध्या घरगुती प्लेअरमध्ये रबर कडक झालं, झिजलं की चाक घसरतं आणि वेग ढळतो. शिवाय मोटरची घरघर चाकातून सुईपर्यंत पोचते.

दुसरा मार्ग बेल्टचा. एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली एआर कंपनीसाठी केलेल्या टर्नटेबलने तो घरोघरी लोकप्रिय केला. मोटर बाजूला, थाळी वेगळी आणि मध्ये रबरी पट्टा. पट्टा मोटरची थरथर गिळून टाकतो, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. मात्र पट्टा वयानुसार सैल पडतो आणि बदलावा लागतो.

तिसरा मार्ग जपानच्या ओसाका भागातल्या मात्सुशिता कंपनीत सापडला. तिथले इंजिनिअर शुइची ओबाता यांनी उलटा विचार केला. मोटर जोरात फिरवून मग तिला आवरण्यापेक्षा मोटरच ३३⅓ च्या वेगाने का फिरू नये? थाळीचा दांडा हाच मोटरचा दांडा. ना चाक, ना पट्टा. टेक्निक्स या नावाने १९७० साली एसपी-१० हे टर्नटेबल बाजारात आलं. जगातलं पहिलं डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल म्हणून ते ओळखलं जातं. १९७२ मध्ये घरगुती वापरासाठी एसएल-१२०० आलं. पुढे क्वार्ट्झ स्फटिकाची जोड मिळाली. मनगटी घड्याळातला स्फटिक जसा वेळ राखतो, तसा हा स्फटिक थाळीचा वेग राखतो. त्यामुळे घरातल्या विजेचं काही कमी-जास्त झालं तरी वेग हलत नाही. १९७९ च्या एसएल-१२०० एमके-२ मध्ये ही सोय होती. शिवाय वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करायची सरकपट्टीही होती.

आणि इथे गंमत झाली. घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी केलेलं हे यंत्र न्यूयॉर्कच्या डीजेंनी उचललं. हाताने रेकॉर्ड थांबवा, मागे फिरवा, सोडा. पाऊण सेकंदाच्या आत ती पुन्हा पूर्ण वेगात. पट्ट्याच्या यंत्राला हे झेपणारं नव्हतं. हिप-हॉप या संगीताची पायाभरणी अशा टर्नटेबलांवर झाली. पण त्यामुळे घरगुती शौकिनांच्या डोक्यात बसलं, की हे नाचगाण्याचं मशीन, आपलं नव्हे. त्याच काळात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने आपल्या एलपी-१२ या पट्ट्याच्या टर्नटेबलने शौकिनांची मनं जिंकली.

डायरेक्ट ड्राइव्हवरचे आक्षेप अगदीच खोटे नव्हते. मोटर थाळीच्या बरोबर खाली असल्याने तिची थरथर सुईपर्यंत पोचू शकते. मोटरमधल्या चुंबकांमुळे फिरण्यात बारीक हिसके येऊ शकतात. सीडीच्या लाटेनंतर २०१० मध्ये एसएल-१२०० चं उत्पादन थांबलं. रेकॉर्डला पुन्हा बरे दिवस आले आणि २०१६ मध्ये हे मॉडेल परत आलं, तेव्हा नव्या मोटरमधून लोखंडी गाभाच काढून टाकला होता. हिसक्यांचं मूळ तिथेच होतं.

मग घरासाठी कुठलं घ्यावं? माझं मत सांगतो. चांगलं पट्ट्याचं टर्नटेबल मुळीच वाईट नाही. कमी पैशात शांत आवाज तेच देतं. पण आपल्या संगीतात मागे तंबोरा अखंड चालू असतो. वेग किंचित डगमगला तरी तंबोरा लगेच चुगली करतो. डायरेक्ट ड्राइव्ह इथे कामी येतं. डीजेची हौस नसेल तर २०१९ मध्ये आलेलं एसएल-१५००सी घरासाठीच केलेलं आहे. त्यात सरकपट्टी नाही, फोनो अ‍ॅम्प्लिफायर आतच आहे आणि रेकॉर्ड संपली की सुई आपोआप उचलली जाते. कमी खर्चात ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२०एक्स आहे. आजोबांच्या काळातल्या नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर ७८ चा वेग आहे ना, ते बघा, आणि त्यांच्यासाठी वेगळी जाड सुई लावा. फार जुन्या तबकड्या तर नेमक्या ७८ वर भरलेल्याही नसत. तिथे सरकपट्टी डीजेइतकीच आपल्याही उपयोगाची.

आता तो धागा. सोसायटीचा ताबा मिळाला तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती. बाबांनी सामानातून सगळ्यांत आधी रेकॉर्डचं खोकं तिसऱ्या मजल्यावर चढवलं, मग पेटी. रोज संध्याकाळी ते रेकॉर्डबरोबर पेटी वाजवत आणि रोज चिडत. "काळी एक लावली तर रेकॉर्ड खाली, पांढरी एक लावली तर वर. पेटी बेसूर झालीय!" कारागिराला घरी बोलावलं. तो म्हणाला, "काका, पेटी ठीक आहे." बाबांना पटलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी ती आपल्या भजनी मंडळाला देऊन टाकली. "आरतीला चालेल," म्हणाले. नंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही.

बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तो जुना, रबरी चाकाचा प्लेअर तपासला. युक्ती सोपी आहे. ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या. रेकॉर्डच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेवा, सुई टेकवा आणि मोजा. माझ्या मोजणीत १०० फेऱ्यांना तीन मिनिटं सहा सेकंद लागले. म्हणजे वेग शेकडा तीनने कमी. पेटीच्या दोन लगतच्या सुरांत साधारण शेकडा सहाचं अंतर असतं. बाबांची रेकॉर्ड बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे वाजत होती. ती कुठल्याही पेटीवर जुळली नसती.

नवीन टर्नटेबल आलं त्या रविवारी मी हॉलमधून पेटी वर आणली. तीच एलपी लावली, काळी एक दाबली. जुळली.

बाबांना हे सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. गणेशोत्सवात इतकी वर्षं आपण जिच्यावर आरती म्हणत आलो, ती पेटी बेसूर नव्हती. आणि तुमच्याकडे जुना प्लेअर असेल तर तो टाकण्यापूर्वी, किंवा घरातल्या गाणाऱ्याला बेसूर ठरवण्यापूर्वी, एकदा १०० फेऱ्या मोजून बघा. मोजायला जमत नसेल तर शनिवारी रेकॉर्ड घेऊन आमच्याकडे या. चहा आहेच.