वारणेची वायर आणि फाइलचा पैरा

मंडळी, १९९८ साल आठवतंय का? वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूहानं मिळून गावोगावी कॉम्प्युटर बसवले. शेतकरी तिथं जायचा तो मुख्यतः उसाचं वजन नि बिल बघायला. माहितीचा साठा मध्यभागी, गावानं फक्त मागायचं. पुढं २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चनं काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. तरी साठा मध्यभागीच.

त्याच काळात जगात दुसरी वाट निघाली. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर, पण यादी एकाच ठिकाणी. म्हणूनच कोर्टाचा दणका बसताच २००१ मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरंट काढलं. यात फाइलचे तुकडे होतात. ज्याला जो तुकडा मिळाला, तो लगेच दुसऱ्याला देत जातो. आपल्याकडचा पैराच की हा! आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.

नवख्यांनी एवढं ध्यानात ठेवा. तुमचा आयपी पत्ता इतरांना दिसतो. अनोळखी फाइलमधून व्हायरस येऊ शकतो. नवा पिक्चर परवानगीशिवाय वाटणं बेकायदा. आणि फाइल मिळाली की पळू नका, पैरा फेडा!

पण गावच्या यात्रेचे आपणच काढलेले फोटो? ते खुशाल वाटा. सहकारानं वाढलेल्या मुलखात गावच्या आठवणी एकाच कपाटात कशाला? चार घरी प्रत असू द्या.