सुकेळीचा कागदोपत्री माग

माझी आजी वसईजवळच्या आगाशीकडची. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कशी करायची हे तिने कुठे लिहून ठेवले नाही. सांगता सांगता, करता करता ते आमच्यापर्यंत आले. अशा साक्षीची पंचाईत एवढीच की ती फार मागे नेत नाही. 'माझी सासू अशीच करायची' इथे येऊन ती थांबते. त्यापलीकडे कागदच शोधावे लागतात.

सर्वांत भक्कम कागद 1882चा आहे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा. त्यात वसईच्या बागायतीतल्या केळ्यांच्या जाती नावानिशी आहेत : बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळी आणि आणखी काही. वाळवायची ती राजेळी. फळ पेंढ्यात झाकून पिकवायचे, साल काढून उंच मांडवावर उन्हात पसरायचे, सूर्यास्ताला गोळा करून रात्रभर सुक्या केळीच्या पानांत गुंडाळून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडवावर. असे काही दिवस. आगाशीची सुकेळी जिल्ह्यात उत्तम, असा शेराही आहे.

हे वाचताना अंगावर काटा आला, हे कबूल करतो. पेंढा, मांडव, पाने, सगळा क्रम आजीचाच. पण जुळणी दिसली की आधी संशय घ्यावा. एका साक्षीदाराने दुसऱ्याचे ऐकून तर सांगितले नाही ना? इथे ती शक्यता जवळपास नाही. गॅझेटिअर इंग्रजीत आणि आजीला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. दोन्ही साक्षी स्वतंत्र धरायला हरकत नसावी.

उलट, कागदात जे नाही ते आजीकडे सापडते. रात्री गुंडाळायचे का, हे तिने सांगितले : समुद्राकाठी पहाटे दंव पडते, दिवसभर सुकलेले फळ पुन्हा ओल धरते आणि मग बुरशी. झाले की नाही हे ती बोटांनी ठरवायची. फळ मधाच्या रंगावर यायला हवे, वाकवले तर न मोडता वाकायला हवे. साखरेचा कण नाही. पाणी उडते आणि फळातलीच साखर दाटते. गॅझेटिअरमध्ये केळी 'सोलली जातात', 'पसरली जातात'. कोण सोलते, हे नाही. आजीच्या वेळी ते काम बायकांचे होते. 1882मध्येही तसेच असावे, पण हा तर्क झाला, पुरावा नव्हे.

आता 1882च्या मागे. विरारहून मुंबईला पहिली गाडी 12 एप्रिल 1867ला सुटली असे सांगितले जाते. ताजी केळी काही तासांत बाजारात पोचू लागल्यावर कुणी एवढा खटाटोप नव्याने सुरू केला असेल, हे पटत नाही. लांबच्या पल्ल्याला टिकणारे फळ हवे होते ते गलबतांच्या काळात, आणि आगाशी हे जुने बंदर. पोर्तुगीजांनी 1530 आणि 1531मध्ये ते लुटले; 1534च्या तहाने वसईच त्यांच्याकडे गेली. म्हणून सुकेळी रेल्वेआधीची असावीत, असे माझे मत. त्याला थेट कागद नाही, परिस्थितीचा आधार आहे.

याहून मागे जाण्याचा मोह अनेकांना होतो. सुकेळी पोर्तुगीजांनी शिकवली, असे वसईत ऐकू येते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या 1563मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात केळ्यावर एक संवाद आहे, त्यात तो केळ्याला अंजीर म्हणतो. सुके अंजीर पोर्तुगालात घरोघरचे, तेव्हा कल्पना तिथून आली असेल, अशी साखळी जोडता येते. पण केळ्यावर संवाद आहे एवढ्यावरून वसईच्या वाडीत मांडव उभा राहत नाही. ती साखळी मी बाजूला ठेवतो.

अलीकडचा काळ सोपा असेल असे वाटते, तिथेच अडचण येते. बावखलांवरचे, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांवरचे, रहाट गेले, अनेक बावखले बुजली, वाड्यांवर इमारती आल्या आणि राजेळीची लागवड आटली. कधी, किती, हे सातबाऱ्यावर पाहावे तर पीकपाहणीत पिकाखालचे क्षेत्र मिळते. ते 'केळी' एवढ्याच नावाखाली असेल, तर त्यातली राजेळी कोणती आणि बसराई कोणती, हे अजूनही गावातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते.